भाता न मारता

आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये एकच भिंत आहे आणि ती चार इंची आहे. बाबा आणि शेजारचे काका दोघेही भातसानगरला धरणावर नोकरीला होते. बाबा दरवाजांवर, काका पंपहाउसमध्ये फिटर. निवृत्त झाल्यावर दोघांनी गावात, शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, शेजारी शेजारी घरं बांधली. विटा वाचतील म्हणून मधली भिंत सामाईक ठेवली. गवंड्याने नऊ इंचीचा आग्रह धरला होता. काका त्याला म्हणाले की आमच्या दोघांत लपवण्यासारखं काही नाही, चार इंच पुरे.

त्या भिंतीतून काय काय ऐकू येतं हे मला गावी परत आल्यावर कळलं. मी मुंबईत एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. ते डेस्क बंद झालं आणि मी गावी आलो. कुकरच्या शिट्ट्या, काकांचं खाकरणं, काकींनी डबा उघडल्याचा आवाज आणि तो कशाचा डबा आहे हेसुद्धा भिंतीच्या या बाजूला कळत असे. बाबांना त्याची इतकी सवय होती की शेजारी चहा गाळला गेला की ते उठून ओटीवर जाऊन बसत. काकी विचारत नसत. कप आणत.

गावच्या भजनी मंडळात बाबा पेटी वाजवत आणि काका पखवाज. जवळजवळ चाळीस वर्षं दोघे एकमेकांच्या डाव्या-उजव्या हाताला बसले. काका वाजवायच्या आधी कणीक भिजवून पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावत आणि थाप मारून बाबांकडे बघत. बाबा एक पट्टी दाबून धरत. सूर जुळेपर्यंत दोघांपैकी कोणी बोलत नसे.

गावात एक चाल आहे. तिला वाटेची चाल म्हणतात. माणूस गेला की अंगणात तिरडी बांधून होईपर्यंत आणि पुढे ओढ्यापर्यंत मंडळी त्याच चालीत अभंग म्हणतात. ही चाल एरवी वाजत नाही. सप्ताहात नाही, पूजेला नाही, कोणी आग्रह केला म्हणूनही नाही. तिचे पहिले चार सूर कानावर आले की माणसं हातातलं काम खाली ठेवतात, बाहेर येतात आणि विचारतात, कोण? फोन नव्हते तेव्हा वाड्या-पाड्यांपर्यंत निरोप असाच जात असे. ती शिकायची कुठे, हा प्रश्न कोणाला पडला नव्हता. मयतीच्या मागून चालता चालता माणूस ती शिकायचा. बाबा तशीच शिकले.

दोघांत एक ठरलेलं होतं. पुढे जाईल त्याला मागे राहील त्याने वाजवायचं. हे त्यांनी कधी ठरवलं ते मला माहीत नाही. ठरलेलं आहे हे मात्र दोन्ही घरांना माहीत होतं, कारण दर मयतीवरून परतताना काका ओटीवर पाय धुता धुता बाबांना विचारत, आपला नंबर कितवा. बाबा म्हणत, तुझा आधी, मला पेटी उचलून चालवतंय तोवर उरक.

दोन वर्षांपूर्वी भात कापणीच्या आधी बाबांची उजवी बाजू गेली. शहापूरच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हा उजवा हात मांडीवर ठेवलेल्या वस्तूसारखा होता. तोंडातून शब्द येत, पण एकेक आणि मध्ये मोठी जागा सोडून. पेटी खाटेखाली गेली. काकांनी त्यानंतर पखवाज वाजवला नाही. मंडळाने दोनदा बोलावलं. शेजारी पेटी नसली तर हाताला कळत नाही, असं सांगून त्यांनी टाळलं.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर काकांचं पोट दुखायला लागलं. मुलाने मुंबईला नेलं, तपासण्या झाल्या आणि दोन आठवड्यांनी काका घरी परत आले. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन जे सांगितलं होतं ते त्याने घरी येऊन काकींना आतल्या खोलीत हळू आवाजात सांगितलं. बाबांनी आणि मी ते भिंतीच्या अलीकडे ऐकलं. पलीकडे, ओटीवर बसलेल्या काकांना ते ऐकू आलं नसेल असं मानायला जागा नव्हती. त्यांनी कधी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी बाबांनी डाव्या हाताने खाटेखाली दाखवलं. मी पेटी बाहेर काढली आणि पुसली. ते म्हणाले, “तू.”

मी त्यांना सांगितलं की मला येत नाही. लहानपणी दोन महिने शिकून सोडलं होतं. मंडळात दुसरा एक पेटीवाला होता, पण तो कसाऱ्याला रेल्वेत. त्याची ड्युटी बदलती, येईलच असं नाही. मग मी म्हणालो की हल्ली स्पीकर असतो, मोबाइलवर सगळं मिळतं. बाबांनी मान फिरवली.

मी काय बोललो ते मला लगेच कळलं. वर्षभरापूर्वी वरच्या आळीत एक म्हातारी गेली तेव्हा मंडळाची माणसं जमली नाहीत. कोणीतरी मोबाइल स्पीकरला जोडला, अभंग लावला आणि स्पीकर गळ्यात अडकवून पुढे चालला. शाळेच्या वळणावर अभंग थांबला आणि फरशी पुसायच्या औषधाची जाहिरात लागली. स्पीकरवाल्याला ती बंद करता येईना. खांदा दिलेल्यांचे हात मोकळे नव्हते. जाहिरात पूर्ण वाजली. काका त्या मयतीला होते आणि परतल्यावर त्यांनी ते बाबांना खाटेपाशी बसून सांगितलं होतं.

“त्याला,” बाबा म्हणाले, आणि पुढचा शब्द यायला वेळ लागला, “तसं नको.”

एवढंच होतं. त्यांनी दिलेला शब्द होता आणि तो पाळायला लागणारा हात गेला होता.

पहिली अडचण भिंतीची होती. घरात ही चाल वाजवणं शक्य नव्हतं. पलीकडे आजारी माणूस होता आणि तो पहिल्या दोन सुरांत ओळखणारा माणूस होता. शेजाऱ्याला त्रास म्हणजे सहसा झोपमोड. इथे झोपेचा प्रश्न नव्हता. आम्ही तुमची वाट बघत बसलो आहोत, असं भिंतीतून सांगण्यासारखं ते झालं असतं.

म्हणून मी पेटी गाडीवर मागे बांधून ओढ्यापलीकडच्या बंद पडलेल्या पोल्ट्री शेडमध्ये नेली. गावापासून ती दीडएक किलोमीटर असेल. जाळ्या फाटलेल्या, खाली जुना भुसा. बाबांनी पहिली ओळ मला कानात सांगितली होती आणि मी ती आकड्यांत लिहून घेतली होती. शेडच्या कट्ट्यावर पेटी ठेवून मी पहिले चार सूर वाजवले. परत वाजवले. सातव्या-आठव्या वेळेला ते जवळपास बरोबर आले.

मान वर केली तेव्हा जाळीपलीकडे एक बाई उभी होती. वरच्या वाडीतली, डोक्यावर लाकडांचा भारा. तिने भारा खाली टाकला आणि पदर सारखा केला.

“कोण गेला रं?”

कोणी गेलेलं नाही, मी शिकतोय, असं मी सांगितलं. ती पेटीकडे बघत राहिली.

“मेल्याबिगर कसला शिकतोस? मानूस तरी मरू दे.”

तिने भारा उचलला आणि गेली. मी आणखी थोडा वेळ थांबलो आणि घरी आलो. चारच्या सुमाराला, चाल वाजल्याचं कानावर गेलेले खालच्या आळीतले दोघे जण काकांच्या अंगणात आले. दोघांच्या खांद्यावर पंचा होता. मयतीला जाताना माणूस पंचा घेऊन निघतो, कारण परतताना ओढ्यावर अंघोळ करावी लागते. काका ओटीवर बसून पेज पीत होते. त्यांना बघून दोघे अंगणाच्या मध्यावर थांबले. पुढचं मी आमच्या घरात उभा राहून ऐकलं. एकाने पेंढ्याची चौकशी केली: यंदा पेंढा विकायचा आहे का, आणि किती भारे निघतील.

“पेंढा बघायला पंचा घेऊन आलात काय रे?” काका म्हणाले.

अंगणात चपला मागे सरकल्याचा आवाज आला.

“बसा. चहा घ्या. अजून टाइम हाय.”

काका हसले, ते दोघेही हसले, आणि काकींनी चहा टाकला. शेडमध्ये कोण वाजवत होतं हे त्या दोघांनी काकांना सांगितलं की नाही हे मला कळलं नाही. मी भिंतीपासून दूर झालो होतो.

त्या रात्री मी बाबांना म्हणालो की हे जमणार नाही. ही चाल कुठेही वाजवली तरी कोणीतरी मेलेलं असलं पाहिजे. बाबांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पेटी समोर ठेवायला लावली आणि डाव्या हाताने एकेक करून हवा सोडणाऱ्या सगळ्या खुंट्या आत ढकलल्या. भात्याचा आकडा लावून टाकला. मग माझा उजवा हात धरून पट्ट्यांवर ठेवला.

हवा नसली की पेटीची पट्टी फक्त लाकडावर लाकूड आपटल्यासारखी वाजते. टक. काळी असो वा पांढरी, आवाज तोच. चाल त्यात उरत नाही. निदान आमची तशी समजूत होती.

काकांना दुपारी दोन वाजता एक औषध असे, ज्याने दुखणं कमी होई आणि झोप येई. ही वेळ मला काकींकडून माहीत होती. म्हणून आम्ही दोन ते चार ही वेळ ठरवली. मी डॉक्टरी चिकटपट्टीचे तुकडे पट्ट्यांवर लावून त्यावर एक ते नऊ आकडे लिहिले. वहीत तक्ता केला: ओळ, आकडे, बोट कोणतं, किती मात्रा थांबायचं. चार ओळी आणि परत पहिली. बाबा मागे खाटेवर बसत आणि डावा हात माझ्या खांद्यावर ठेवत. ठेका ते बोटांनी देत. चुकलं की खांदा दाबत. बोलायचं नाही असा नियम आम्ही केला नव्हता. तो आपोआप पाळला गेला. अशा रियाजात चूक ऐकू येत नसे. बोट भलत्या आकड्यावर पडलेलं दिसत असे.

तिसरी ओळ अवघड होती. तिथे हात खालून वर जाताना अंगठा बोटांखालून काढावा लागतो आणि मात्रा कमी आहेत. मी तिथे थांबत असे किंवा घाई करत असे. पौष संपेपर्यंत तीच ओळ चालली.

बाबांनी त्या काळात दोनदा माझा डावा हात उचलून भात्यावर ठेवला. पहिल्या वेळी “हा पण,” असं म्हणाले. मी म्हणालो की त्यात काय, भाता वेळेला मारता येईल, आधी बोटं बसू देत. दुसऱ्या वेळी त्यांनी हात तसाच धरून ठेवला आणि मग सोडला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या गाळलेल्या जागा शोधण्याचं काम केलेल्या माणसाने याची नोंद घ्यायला हवी होती. तक्त्यात डाव्या हातासाठी रकाना नव्हता.

संध्याकाळी मी काकांकडे जाऊन बसत असे. त्यांना पेपर वाचून दाखवावा लागे. डोळे ठीक होते, पण पेपर धरून हात दुखत. ते बारीक होत गेले. आधी ओटीवर खुर्चीत, मग ओटीवरच खाटेवर, मग आतल्या खोलीत, मधल्या भिंतीला लागून. मी खाट दुसऱ्या भिंतीला लावू या असं सुचवलं. काकांनी इथेच बरं वाटतं म्हणून सांगितलं. भिंत थंड लागते, म्हणाले.

एकदा त्यांनी विचारलं, “दुपारचा काय ठोकत असतोस रे?”

मी म्हणालो, लॅपटॉप. लिहितो.

“बातम्या?”

जुन्या नोंदी आहेत, धरणाच्या, त्या नीट करून ठेवतोय, असं मी सांगितलं. हे खोटं मी आधीच तयार ठेवलं होतं.

“मधीच थांबतोस बघ. एकाच ठिकाणी.”

शब्द सापडत नाही तेव्हा थांबतो, मी म्हणालो.

“सापडंल,” काका म्हणाले. “घाई कोणाला हाय.”

मी पुढची बातमी वाचायला घेतली.

शिमग्यापर्यंत चाल बसली. चारही ओळी, डोळे मिटून, न थांबता. बाबांनी शेवटचे चार-पाच दिवस खांदा दाबला नाही. एका दुपारी पूर्ण झाल्यावर त्यांनी खांद्यावरचा हात काढून माझ्या डोक्यावर ठेवला. पलीकडे शांत होतं. औषध लागलं असेल, असं मला वाटलं.

काका शिमग्यानंतर आठव्या दिवशी सकाळी सातच्या आधी गेले. काकांचा मुलगा त्या दिवशी आसनगावला लोकल पकडायला निघाला नव्हता. वडिलांची रात्र वाईट गेली म्हणून थांबला होता. मला कळलं ते काकींच्या आवाजावरून नाही, पलीकडचा चहा गाळला गेला नाही यावरून. बाबा ओटीवर जायला उठून बसले होते आणि तसेच बसून राहिले.

नऊ वाजेपर्यंत अंगण भरलं. काकांना घराच्या दारात आणून ठेवलं होतं. बाया एका बाजूला, काकी त्यांच्या मध्ये. बांबू आले होते, तिरडी बांधायला घेतली होती. मंडळाची सहा माणसं टाळ घेऊन आली. काकांचा पखवाज दुसऱ्या एकाने घेतला आणि कणीक लावली. कसाऱ्याचा पेटीवाला ड्युटीवर होता. बाबांना मी आणि मंडळातल्या एकाने धरून नेलं आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. मी जमिनीवर सतरंजी घालून पेटी उघडली, खुंट्या ओढल्या, भात्याचा आकडा काढला. एकाने मला विचारलं, येतंय ना. मी हो म्हणालो. ते खरं होतं.

उजव्या हाताने काही चूक केली नाही. हे मी नंतर अनेकदा तपासून पाहिलं आहे. डाव्या हाताला काय करायचं ते माहीत नव्हतं. भाता सलग, बोटांकडे लक्ष न देता चालावा लागतो. माझा डावा हात उजव्याची नक्कल करत होता. बोट पडलं की भाता, बोट उचललं की थांबला. सूर उचक्यांसारखे यायला लागले. टाळवाल्यांनी अभंग उचलला, पण टेकायला सूर मिळेना, तेव्हा दोघे वर गेले आणि चौघे खाली राहिले. पखवाजवाला माझ्याकडे बघू लागला. दुसरी ओळ कशीबशी गेली. तिसऱ्या ओळीला अंगठा बोटांखालून काढताना डावा हात पूर्ण थांबला.

हवा संपली आणि पट्ट्यांचा आवाज तेवढा उरला. टक, टक, टक. बोटं थांबली नाहीत; त्यांना तसंच शिकवलेलं होतं. सगळ्या अंगणात तो आवाज गेला असणार, कारण तोवर मंडळींनी म्हणायचं सोडलं होतं. बायांच्या घोळक्यात काकींनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मला त्या वेळी तो राग वाटला.

मी बाबांकडे बघितलं. ते माझ्यापासून सात-आठ फुटांवर होते, मध्ये तिरडी बांधणारे बसले होते. बाबांचा डावा हात खुर्चीच्या बाहेर आला होता आणि हवेत उघडत-मिटत होता. भाता मारत होता. मी त्यांना पेटीपाशी आणायला हवं होतं, किंवा पेटी त्यांच्यापाशी न्यायला हवी होती. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, ऊन होतंय, उशीर नको. काकांच्या मुलाने खिशातून मोबाइल काढून एकाच्या हातात दिला. स्पीकर ओटीवर तयार होता. त्याने आदल्या दिवशी आणून ठेवला होता की कसं, हे मी विचारलं नाही.

अभंग डाउनलोड केलेला होता. ओढ्यापर्यंत जाहिरात लागली नाही.

बाबांना ओढ्यापर्यंत नेता आलं नाही. मी अंघोळ करून परत आलो तेव्हा ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. पुढचे दहा दिवस आमच्यात पेटीचा विषय निघाला नाही. ती उघडीच राहिली होती. मी मिटवून खाटेखाली सरकवली.

दहाव्यानंतर दोन दिवसांनी काकी आमचे डबे परत द्यायला आल्या. डबे धुऊन आणले होते, एकात थोडे तांदूळ. रिकामा डबा परत करत नाहीत. त्या बाबांच्या खाटेच्या पायथ्याशी खाली बसल्या. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर मला म्हणाल्या की दुपारची टकटक बंद झाली, घर खायला उठतं.

मी लॅपटॉपचं काही बोलायला लागलो. काकींनी मला बोलू दिलं नाही.

“पहिल्याच दिवशी वळखला त्यांनी,” त्या म्हणाल्या. “मला बोलले, वाटेचीच हाय गो. लपवून वाजवतोय. ठेक्यावरून कळला त्यांना. मांडीवर हात मारीत पडायचे तुझ्यासंगं.”

रागावले का, मी विचारलं.

“नाय. दोनचं औषध घ्यायचे नाय. झोप लागंल म्हणून. तुझं झालं की मग घ्यायचे.”

दोन ते चार. जवळजवळ तीन महिने. त्या औषधाशिवाय ते दुखणं कसं असतं हे काकींनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आम्ही त्या वेळेला भिंतीपलीकडची शांतता झोपेची समजत होतो.

काकी पुढे सांगत राहिल्या. तिसऱ्या ओळीला मी अडलो की ते चिडायचे. ज्या दिवशी ती पहिल्यांदा सरळ गेली त्या दिवशी त्यांनी पेज मागून घेतली. शेवटी शेवटी एकच म्हणायचे.

“त्याला सांग, भाता मार म्हणावं. नुसती लाकडं काय ऐकवतो. एकदा सूर ऐकून जातो.”

मी विचारलं, मग सांगितलं का नाही. हे विचारायला नको होतं.

“कसं सांगू रे?” काकी म्हणाल्या. “कुंकू लावून तुझ्या दारात यायचं आणि बोलायचं, माझ्या माणसाची वाटेची चाल वाजव?”

बाबा सगळं ऐकत होते. त्यांचा डावा हात खाटेच्या कडेवर होता. काकी गेल्यावर बऱ्याच वेळाने त्यांनी खाटेखाली बोट दाखवलं. मी पेटी काढून त्यांच्या डाव्या बाजूला खाटेवर ठेवली, त्यांच्या हाताला भाता येईल अशी. खुंट्या त्यांनी स्वतः ओढल्या. त्यांनी भाता मारला आणि मी वाजवलं. पहिल्यांदाच ती चाल मला माझ्या बोटांतून सलग ऐकू आली. तिसरी ओळ वर जाताना थोडी वळते, हे मला तोवर माहीत नव्हतं. तक्त्यात ते नव्हतं. भिंतीपलीकडे ते ऐकायला काकी होत्या. ज्यांनी ऐकायला हवं होतं ते नव्हते.

समोरच्या घरातली बाई ओल्या हातांनी रस्त्यावर आली. आणखी दोन घरांची दारं उघडली. मला ओटीवरून काकींचा आवाज ऐकू आला: “कोण नाय. शिकतोय तो.”

दुसऱ्या दिवशी दोन वाजता बाबांनी परत पेटी मागितली. आठवडाभर भाता त्यांनी मारला. मग एका दुपारी त्यांनी हात काढून घेतला आणि माझा डावा हात तिथे ठेवला.

“माझ्या टायमाला,” ते म्हणाले, आणि थांबले. “दोन्ही हात.”

तेव्हापासून ती चाल आमच्या घरात रोज दुपारी वाजते. माझा डावा हात अजून तिसऱ्या ओळीला अडखळतो, पण थांबत नाही. बाबा डोळे मिटून ऐकतात. भिंतीपलीकडे काकी काम थांबवतात हेही ऐकू येतं. सुरुवातीला लोक बाहेर यायचे, काकी त्यांना सांगायच्या. मग येणारे कमी झाले. महिन्याभरात बंद झाले. परवा मी वाजवत असताना खालच्या आळीतले ते दोघे जण दारावरून गेले. खिडकीतून मला दिसले. त्यांनी मान वळवली नाही.

आता या गावात ती चाल ऐकून कोणी हातातलं काम ठेवत नाही. बाबांच्या वेळी माणसांना फोन करून सांगावं लागेल. वहीच्या मागच्या पानावर मी नंबर लिहायला घेतले आहेत.